बनयिपचं नाटक आम्ही मधेच थांबवलं, त्याची पूर्ण हकीगत

पार्श्वभूमी

नावं देत नाही, शाळेचं नाही आणि माणसांचीही नाहीत, एकदोन बारीक तपशील मुद्दाम बदललेत. बाकी झालं ते असं. मेलबर्नच्या आग्नेय बाजूला एक रविवारची मराठी शाळा आहे. कम्युनिटी सेंटरचे दोन हॉल भाड्याने, चाळीसेक पोरं, शिकवणारे सगळे आईबापच, आणि त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या कमिटीत मी होते. स्नेहसंमेलन नोव्हेंबरच्या शेवटी. नाटक दरवर्षीचं ठरलेलं, अफझलखान नाहीतर बिरबल, आणि पोरांना ते पाठ झालेलं म्हणजे इतकं पाठ की एकदा खानाच्या आधी महाराजच म्हणाले "दगा दगा".

तर जुलैत टर्म सुरू झाली तेव्हा पोरं रोजच्या शाळेतून नायडॉक वीकचं (ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या संस्कृतीचा आठवडा) काय काय करून आलेली होती, आणि त्यात गिप्सलँडकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर मेलबर्नपासून साधारण ८० किलोमीटरवर बनयिप नावाचं खरंखुरं स्टेशन आहे, फ्रीवेवर त्याची पाटी आहे, एका पोराने ती वाचून विचारलं की हे काय नाव आहे, बापाने गूगल केलं, आणि रविवारी वर्गात सगळी पोरं बनयिप बनयिप करत आली. आम्हाला वाटलं, मिळालं नाटक!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बनयिप म्हणजे ॲबोरिजिनल लोकांच्या गोष्टींतलं, दलदलीत, नदीच्या डोहात, वेतांच्या बेटांत राहणारं काहीतरी. काहीतरी अशासाठी म्हणते की त्याच्या रूपावर कुणाचंच एकमत नाही. शब्द आलाय पश्चिम व्हिक्टोरियातल्या वेम्बा-वेम्बा आणि वेर्गाया भाषांकडून. विल्यम बकली नावाचा कैदी १८०३ मध्ये पळाला आणि १८३५ पर्यंत वाथाउराँग लोकांमध्ये राहिला, त्याने सांगितलंय की मॉडेवार तळ्यात त्याला फक्त पाठ दिसली, राखाडी पिसांसारखं काहीतरी असलेली, वासराएवढी. कुणी म्हणतं कुत्र्यासारखं तोंड, कुणी म्हणतं लांब मान. एक मात्र बहुतेक गोष्टींत येतं, ते रात्री ओरडतं आणि पाण्याच्या फार जवळ गेलेल्याला ओढून नेतं.

अडचण कुठे होती

स्क्रिप्ट लिहिणारी आमचीच एक मैत्रीण, हुशार, पुण्यात प्रायोगिक नाटकांतून काम केलेली. एका वीकेंडला तिने सगळं लिहून टाकलं. मी वाचलं आणि मला फार आवडलं, हे आधी कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात तिचा एकटीचा दोष अजिबात नव्हता.

स्क्रिप्टमध्ये बनयिप होताच. पण बावीस पोरांना रोल द्यायचे म्हटल्यावर एका राक्षसात भागत नाही, मग इंटरनेटवरून आणखी आले. क्विंकन आले, उंच काटकुळे तिमारा आणि गाठीच्या शेपटीवर उड्या मारणारे जाडे इमजिम. मिमी आले, इतके बारीक की वाऱ्याने मान मोडेल म्हणून खडकांच्या फटीत राहणारे. अंजिराच्या झाडावर बसणारा लाल बुटका यारा-मा-या-हू आला, ज्याला दात नाहीत पण हातापायाच्या बोटांना जळवांसारखे चोषक आहेत, तो माणसाचं रक्त ओढतो, मग गिळतो, पाणी पिऊन झोपतो, आणि उठून माणसाला परत ओकतो, आधीपेक्षा जरा बुटका आणि जरा लालसर करून. (पोरांची या रोलसाठी भांडणं झाली.) यावी नावाचा केसाळ रानमाणूस तर होताच. आणि हे सगळे एका रात्री एका तळ्याकाठी भेटतात अशी गोष्ट.

आता नकाशा काढून बघा. क्विंकन क्वीन्सलँडच्या केप यॉर्कमधल्या लॉरा भागातले, तिथल्या खडकांवर त्यांची चित्रं आहेत, आणि आम्हाला नुसतं केर्न्सला जायचं तरी विमानाने तीन-साडेतीन तास. मिमी त्याहून पलीकडचे, अर्नहम लँडचे, आणि तिकडे ते नुसती घाबरवणारी भुतं नाहीतच, माणसांना शिकार करायला, कांगारू कापून शिजवायला, चित्रं काढायला त्यांनी शिकवलं असं तिथले लोक सांगतात. १७८८ मध्ये या खंडावर २५० च्या वर भाषा होत्या. आम्ही केलं होतं ते म्हणजे काश्मीरचं, केरळचं, नागालँडचं आणि कोकणचं जे जे घाबरवणारं ते उचलून लोणावळ्याच्या तळ्यावर पार्टीला बोलावल्यासारखं.

वर ड्रेसवाल्या कमिटीने (म्हणजे मी आणि अजून दोघी) ठरवलं होतं की पोरांच्या तोंडाला गेरू लावून पांढरे ठिपके काढायचे. ठिपक्यांची ती चित्रं ज्या वाळवंटातली, तिथे पापुन्या नावाच्या वस्तीत १९७१ च्या सुमारास ती बोर्डावर आणि कॅनव्हासवर यायला लागली, व्हिक्टोरियाची पद्धत वेगळी, इकडे रेघा, चौकटी, पॉसमच्या कातड्याच्या शालींवरची नक्षी. पार्श्वसंगीताला डिजरीडू, ते उत्तरेचं वाद्य. आणि ते वाजवण्याची ॲक्टिंग एका नऊ वर्षांच्या मुलीकडे, जे अनेक भागांत बायकांनी करणं बरोबर मानत नाहीत. इतक्या सगळ्या चुका एका स्क्रिप्टमध्ये बसवायच्या म्हणजे तसं कौशल्यच लागतं.

गणपती झाले आणि पुढच्याच आठवड्यात मेसेज आला. आमच्यातल्या एका पोराने रोजच्या शाळेत मित्राला सांगितलं होतं की मी बनयिप होणार आहे आणि तोंड रंगवणार आहे, त्या मित्राची आई कूरी, म्हणजे इकडची ॲबोरिजिनल. तिने या पोराच्या आईला मेसेज केला, अगदी सौम्य. दोनच प्रश्न. ही गोष्ट कुठल्या लोकांची आहे? आणि त्यांना विचारलंय का?

पहिल्या प्रश्नालाच आमच्याकडे उत्तर नव्हतं.

पर्याय

दोन महिने उरलेले. बुधवारी रात्री झूमवर मीटिंग झाली, ती पावणेबारापर्यंत चालली.

एक मत होतं की आहे तसं चालू ठेवा, चाळीस पोरांचा घरगुती कार्यक्रम आहे, कोण बघायला येतंय. खजिनदारांनी याच्या बाजूने बऱ्यापैकी वजनदार मुद्दा मांडला, तो लिहायलाच पाहिजे. ते म्हणाले, बनयिप आता एका कुणाचा राहिलाय कुठे? १८४६ मध्ये मरमबिजी नदीकाठी एक विचित्र कवटी सापडली, १८४७ मध्ये ती सिडनीच्या म्युझियममध्ये बनयिपची म्हणून मांडली, लोकांची झुंबड उडाली, आणि जो तो सांगायला लागला की मीपण बघितलाय, आणि तज्ज्ञांनी बघितली तर ती विकृत वाढ झालेल्या शिंगराची नाहीतर वासराची. १८५३ मध्ये सिडनीत काही बड्या लोकांना इंग्लंडसारखं सरदारपद हवं होतं तर डेनियल डेनिही नावाच्या वक्त्याने त्यांना बनयिप सरदार म्हणून असं झोडपलं की शब्द राजकारणात कायमचा बसला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरी ब्रिज गावात १९७२ पासून पाण्यातून वर येऊन गुरगुरणारा यांत्रिक बनयिप आहे. म्हणजे गोऱ्यांनी १७५ वर्षं त्याचं वाट्टेल ते केलं आणि आम्ही एक बालनाट्य केलं की लगेच पाप?

खरं सांगू, यावर दोन मिनिटं सगळे गप्प होते. मलाही वाटलं, बरोबर आहे की.

मग एकाने पाकिटातून पन्नास डॉलरची नोट काढून कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्यावर डेव्हिड युनायपन आहेत, नरिन्जेरी समाजाचे, लेखक आणि संशोधक, १९०९ मध्ये मेंढ्यांची लोकर कापायच्या हत्याराचं पेटंट घेतलेले. १९२० च्या दशकात त्यांनी ॲबोरिजिनल गोष्टी जमवून लिहिल्या, आमचा तो लाल बुटकाही त्यातलाच. पुस्तक १९३० मध्ये लंडनला छापून आलं ते विल्यम रॅमसे स्मिथ नावाच्या डॉक्टरच्या नावावर, युनायपन यांचं नाव कुठेच नाही. त्यांच्या स्वतःच्या नावाने ते आलं २००१ मध्ये. ते वारले १९६७ ला. म्हणजे सगळ्यांचीच झालेली गोष्ट ही अशी सगळ्यांची होते, असं तो म्हणाला आणि नोट परत पाकिटात ठेवली.

दुसरं मत होतं, सरळ रद्द करा आणि बिरबल काढा. यात धोका शून्य. पण बावीस पोरांना काय सांगणार, की ॲबोरिजिनल विषयाला हातच लावायचा नाही, त्यात भानगडी असतात? पोरं हेच शिकतील आणि ते मला चालू ठेवण्यापेक्षाही वाईट वाटत होतं.

तिसरं, बाकीचे सगळे काढून फक्त बनयिप ठेवायचा आणि ज्यांची ही जमीन त्या लोकांना विचारून करायचं. बरोबर वाटत होतं, पण वेळ? उत्तर कधी येईल, येईल की नाही, नाही म्हणाले तर?

चौथा पर्याय कमिटीतून आलाच नाही. आमच्या एका मेंबरचे वडील सिंधुदुर्गातून सहा महिन्यांसाठी आले होते, ते मागे सोफ्यावर बसून सगळं ऐकत होते. मधेच ते मुलीला म्हणाले, "कोणी आमच्या राखणदाराक भूत म्हणान स्टेजवर नाचवल्यान तर तुका चलात काय गो?"

म्यूट करायचं राहिलं होतं म्हणून सगळ्यांनी ऐकलं. आणि ज्याला ज्याला कोकण-गोव्याचं गाव आहे त्याला पुढे काही समजावून सांगायला लागलं नाही. राखणदार, देवचार, तो वेशीवर फिरतो, त्याच्या चपला झिजतात म्हणून नव्या ठेवतात, काम काढायचं तर आधी गाऱ्हाणं घालतात. तो भीती दाखवतो हे खरं, पण तो भूत नाही, तो त्या जागेचा आहे, आणि जागा सोडून त्याला अर्थच नाही. आजोबांचं दुसरं वाक्य असं की पोरांना पाण्यातलंच काही दाखवायचं तर आसरा दाखवा की, ती तर आपली.

साती आसरा! नदीकाठी, विहिरीपाशी शेंदूर लावलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, ओटी. डोहाकडे जाऊ नको, आसरा ओढतील, हे आमच्यातल्या निम्म्यांनी लहानपणी ऐकलेलं. काम बनयिपचंच.

काय केलं

शेवटी तिसरा आणि चौथा एकत्र केला. नाटक आसरांचं, आणि त्याच्या जोडीला, जमलं तर, इकडच्या कुणा जाणत्या व्यक्तीला बोलावून पाण्याची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायची. आमच्या पोरांनी त्यांची गोष्ट करून दाखवायची नाही, ऐकायची.

गुरुवारी सकाळी त्या भागाच्या पारंपरिक मालकांच्या, म्हणजे ती जमीन मुळात ज्यांची त्या ॲबोरिजिनल लोकांच्या, नोंदणीकृत संस्थेला ईमेल गेली. व्हिक्टोरियात २००६ च्या वारसा कायद्याखाली अशा संस्था नेमलेल्या असतात, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर दगड-हत्यारांसारख्या वस्तूंबरोबर गोष्टी, गाणी, विद्या असा अमूर्त वारसाही त्यात येतो, हे मला ती ईमेल लिहिताना कळलं. चार वर्षांपूर्वी सिटिझन झाले मी.

तीन आठवडे काहीच उत्तर नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही बरे होतो, दुसऱ्यात कुरकुर, तिसऱ्यात खजिनदार म्हणाले की विचारलं ना, उत्तर आलं नाही म्हणजे हरकत नाही. हा मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात घसरता क्षण वाटतो. मेसेज आल्यावर चूक उघडीच होती, तिथे शहाणं व्हायला फार लागत नाही, पण उत्तर न येणं म्हणजे हो, हे फार सोयीचं वाटतं. थांबलो ते तत्त्वापेक्षा आसरांचं नाटक तोवर उभं राहिलं होतं म्हणून.

चौथ्या आठवड्यात फोन आला. मानधनाचं आधी बोलणं झालं, मग किती मुलं, काय वय, आणि एक ज्येष्ठ बाई आल्या. त्यांना सगळे आंटी म्हणतात, वयाने आणि मानाने मोठ्या असलेल्यांना इकडच्या समाजात आंटी-अंकल म्हणायची पद्धत आहे, आमच्या पोरांना त्यात काहीच नवीन वाटलं नाही. कार्यक्रमाच्या आधी एका रविवारी त्या रिहर्सलला बसल्या. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी थोडक्यात: रंग नको, डिजरीडू नको, वेलकम टू कंट्री, म्हणजे त्या जमिनीवर आलेल्यांचं रीतसर स्वागत, त्या करतील कारण तो मान त्या जमिनीच्या लोकांचा, तुम्ही अॅक्नॉलेजमेंट करू शकता, म्हणजे ही जमीन कुणाची ते आदराने सांगू शकता, ते कुणीही करू शकतं. आणि मी जी गोष्ट सांगेन ती रेकॉर्ड करू नका, लिहू नका. म्हणून ती इथे नाही.

आसरांच्या बाजूला मात्र आम्ही परत त्याच खड्ड्यात पडलो. पहिल्या रिहर्सलला सात मुली हिरव्या साड्यांत, केस सोडून, किंचाळत नाचल्या, आणि एक आई, साताऱ्याकडची, उठून बाहेर गेली. तिच्या सासरी लग्नानंतर आसरांची ओटी भरल्याशिवाय नवरी पाण्याला जात नाही. ती म्हणाली, त्या देवी आहेत, तुम्ही हडळी केल्यात. म्हणजे परक्यांच्या बाबतीत महिनाभर विचार केला आणि आपलं म्हटल्यावर कुणालाच विचारलं नाही!

तिच्याबरोबरच बसून मग तो प्रवेश बदलला. आसरा स्टेजवर दिसणारच नाहीत असं ठरलं. फक्त अंधार, पाण्याचा आवाज, आणि विंगेतून सात जणींच्या बांगड्या वाजतात. बास.

निष्पन्न

नाटक पंचवीस मिनिटांचं झालं. बांगड्या वाजल्या तेव्हा पुढच्या रांगेतला एक तीन वर्षांचा भोकाड पसरून रडला, ते मी यश धरते. आंटींनी गोष्ट सांगितली तेव्हा सव्वाशे माणसांच्या मराठी कार्यक्रमात वीस मिनिटं कुणी उठून चहाला गेलं नाही, हेही. नंतर त्या आणि सिंधुदुर्गाचे आजोबा कोपऱ्यात बराच वेळ बोलत होते, आजोबांची मुलगी दुभाषी. पाण्याच्या कडेने राहणाऱ्यांविषयी चाललं होतं एवढं कळलं.

सगळं छान झालं असं नाही. दोन कुटुंबांनी पोरं नाटकातून काढली, एकाला हे सगळं नको तितकं नाजूक वाटलं आणि दुसऱ्याच्या पोराला लाल बुटकाच व्हायचं होतं, तो शेवटपर्यंत रुसला. स्क्रिप्ट लिहिणारी मैत्रीण महिनाभर कुणाशी नीट बोलली नाही, कारण सगळ्यांनी वाचून वा वा केलेलं आणि मग सगळ्यांनी मिळून फेकलेलं, आणि मला ते तिच्या जागी झोंबलंच असतं. रंगीत पत्रकं छापून झाली होती, ठिपक्याठिपक्यांचा बनयिप असलेली, ती रद्दीत गेली. मानधनासाठी खाऊच्या बजेटमधून पैसे काढले, तर वड्यांच्या जागी चिवडा आला, आणि वर्षभर लोकांना लक्षात राहिलंय ते हेच.

मेसेज करणाऱ्या त्या आईला बोलावलं होतं. ती आली नाही, तिची शिफ्ट होती. तिचा मुलगा मात्र आला, आमच्या पोराच्या शेजारी बसला.

पुन्हा करायचं तर

विचारायचं ते स्क्रिप्टच्या आधी. आम्ही विचारलं तेव्हा आमच्या हातात पंधरा पानं, वाटलेले रोल आणि छापलेली पत्रकं होती, म्हणजे विचारणं नव्हतंच ते, मंजुरी मागणं होतं, आणि समोरच्याला नाही म्हणणं आपण किती महाग करून ठेवतो ते कळत नाही.

प्राणी गोळा करायच्या आधी जागा धरायची. नरिन्जेरी लोकांचा मुल्यावाँक घ्या, बनयिपचा भाऊबंद म्हणून त्याला इंटरनेटवर एका ओळीत उडवतात, पण ती गोष्ट खालच्या मरी नदीची, हावरटासारखे मासे मारणाऱ्याचं काय होतं त्याची, आणि त्या नदीला किती मासे पुरतात हे माहीत असलेल्यांनी सांगितलेली. नदी काढून टाकली की उरतो फक्त अर्धा माणूस अर्धा मासा, तो कुठल्याही कार्टूनमध्ये मिळेल.

एका गोष्टीवर माझं अजून पक्कं होत नाही. पोरांना बनयिपमागचं शास्त्र सांगायचं का? आम्ही पत्रकात एक चौकट टाकणार होतो, की हे बहुतेक नदीतून आत आलेले सील असावेत, किंवा बिटर्न पक्षी, जो वेतांत लपून रात्री बैल हंबरल्यासारखा घुमतो आणि ज्याला इकडे बनयिप बर्डच म्हणतात, किंवा डिप्रोटोडॉनची आठवण, गेंड्याएवढा तो प्राणी चाळीसेक हजार वर्षांपूर्वी संपला आणि १८७१ मध्येच जॉर्ज बेनेट यांनी तो दुवा सुचवला होता. मला हे भन्नाट वाटतं. पण आंटी बसलेल्या असताना त्यांच्या गोष्टीशेजारी ही चौकट ठेवणं म्हणजे कुणी आरती करतंय आणि आपण शेजारी उभं राहून कापराचं रसायनशास्त्र सांगतोय. शेवटी काढली. पुढे वर्गात वेगळी घेतली, बिटर्नचा आवाज लावला तर पोरं खूश. बरोबर केलं की भित्रेपणा केला, कमिटीत दोन मतं आहेत.

या वर्षी टिडालिक घ्यावा असं चाललंय, सगळं पाणी पिऊन टाकणारा गिप्सलँडचा बेडूक, ज्याला हसवायला सगळे प्राणी धडपडतात आणि शेवटी ईल मासा वेडावाकडा नाचतो तेव्हा तो हसतो आणि पाणी परत येतं. बावीस रोल आरामात. गुनाईकुर्नाई लोकांची गोष्ट आहे, त्यामुळे ईमेल त्यांच्या संस्थेला फेब्रुवारीतच गेलीय. उत्तर अजून आलेलं नाही. मैत्रिणीने वही उघडलेली नाही, आणि मी आठवड्यातून एकदा इनबॉक्स बघते.